बिनशब्दांचं पाकीट

काचेपलीकडे हेडफोन लावून बसलेले म्हातारे गृहस्थ नसलेल्या आवाजालाही बटण दाबत होते. ऐकू आलं की दाबा, एवढंच करुणानं त्यांना सांगितलं होतं. पण कान तपासायला येणाऱ्या पुष्कळांना वाटतं की ही परीक्षा आहे आणि आपण नापास होता कामा नये. तिनं मशीनचा आवाज पूर्ण बंद करून पाहिला. गृहस्थांनी मान तिरकी केली, डोळे मिटले आणि अगदी खात्रीनं बटण दाबलं. तेवढ्यात टेबलावरचा तिचा फोन थरथरला. तो पालथा करून ठेवावा म्हणून तिनं उचलला, तर पडद्यावर विश्वजीतचं नाव. मजकूर इंग्रजीत होता. विश्वजीतचा फोन हरवला आहे, त्याला त्याचं पाकीट परत उघडायचं आहे, आणि हा माणूस खरोखर तोच आहे का हे सांगायला त्यानं तुमची निवड केली आहे. खाली दोन चौकटी होत्या. एकीत लिहिलं होतं, हो, तोच आहे. दुसरीत नुसतं नाही. चार वर्षांत त्या नावाचं तिच्या फोनवर काही आलं नव्हतं. काचेपलीकडच्या गृहस्थांनी हेडफोन वर करून विचारलं, झालं का, बाई? ती म्हणाली, झालं, आणि मग आठवलं की त्यांचा डावा कान राहिलाच आहे.

समर्थनगरातल्या त्या दवाखान्यात मार्च अखेरीलाही एसी इतका लावलेला असतो की बाहेरचं ऊन विसरायला होतं. ती जिन्यात येऊन उभी राहिली तशी उन्हाची झळ तोंडावर आली आणि तिला एकदम भाजक्या शेंगदाण्यांचा वास आठवला. हो, शेंगदाणेच भाजत होती ती त्या दिवशी, सिडकोतल्या त्यांच्या जुन्या घरात, आणि विश्वजीत फोन घेऊन स्वयंपाकघरात आला होता. एरवी तो काही समजावून सांगायच्या भानगडीत पडत नसे. त्या दिवशी मात्र ओट्याला टेकून सांगत राहिला. हे आभासी चलनाचं पाकीट आहे. बाकीच्या पाकिटांना बारा इंग्रजी शब्द असतात, ओळीनं, ते कागदावर उतरून जपायचे; फोन गेला तर ते शब्द सांगून पाकीट उघडतं, आणि शब्द गेले तर सगळंच गेलं, कुणाकडे दाद मागायची सोय नाही. ह्याला शब्दच नाहीत. हे माझ्या चेहऱ्यानं उघडतं. आणि फोन हरवला तर? तर दोन माणसं लागतात, दोघंही, एक कमी चालत नाही. ती दोन माणसं काय करणार, असं तिनं कढईतलं लक्ष न काढता विचारलं. तो म्हणाला, "सांगणार, की हा मीच आहे."

त्याला कागद कधीच सांभाळता आले नाहीत. विजेचं बिल, गाडीचं विम्याचं पत्र, एकदा तर लग्नाची नोंद केलेला दाखलासुद्धा. त्यामुळं बारा शब्दांच्या जागी दोन माणसं ही गोष्ट त्याला फारच पटली असावी. एक त्यानं रामकिसन निवडला, वाळूजच्या कंपनीत त्याच्याबरोबर लागलेला त्याचा मित्र. दुसरी ती. शब्द विसरतात गं, माणूस कसं विसरेल, असं काहीतरी तो म्हणाला आणि तिचा फोन घेऊन त्यात काय काय भरत बसला. शेवटी तिनं फक्त बोट टेकवायचं होतं. बोटाला शेंगदाण्याचं मीठ होतं. तिनं ते पदराला पुसलंही नाही, तसंच टेकवलं, आणि मग ते सगळं ती विसरून गेली. पुढं नवा फोन आला, त्यात जुन्यातलं सगळं आपोआप उतरलं, तसं हेही उतरलं असणार. वेगळं होताना भांडी वाटली, गादी, कपाट, गॅसची नोंदणी सगळं वाटलं. ही एक गोष्ट वाटायची राहिली, कारण ती कुठं ठेवलीय हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं. निदान तिच्या नव्हतं.

वेगळं का झालो, हे तिला कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. लोक विचारतात तेव्हा त्यांना एखादी घटना हवी असते. मारहाण, दारू, दुसरी बाई. तिच्या माहेरच्यांना तर वाटत आलं की हे जातीपायीच झालं. ती भीमनगरची, बौद्ध घरातली, आणि तो बिडकीनकडच्या मराठा जमीनदारांचा. त्यात खोटं काही नव्हतं. त्याची आई, गोजरबाई, वर्षातून एखाददुसऱ्या वेळी घरी येई तेव्हा पिशवीतून स्वतःची पाण्याची बाटली काढून उशाशी ठेवी, आणि ती बाटली पाहून करुणाच्या घशाला कोरड पडे. पण लग्न मोडलं ते त्यामुळं नाही. लग्न हळूहळू ऐकू येईनासं झालं. ती बोले आणि तो पडद्याकडं बघत राही. एकदा तिनं गमतीनं, म्हणजे वरवर गमतीनं, त्याला दवाखान्यात बोलावून काचेपलीकडं बसवलं होतं आणि दोन्ही कान तपासले होते. मुंगी चालल्यासारखा आवाजही त्यानं टिपला. एकदाही चुकीचं बटण दाबलं नाही. बाहेर येऊन त्यानं विचारलं, काय निघालं? ती म्हणाली, कान चांगले आहेत. त्या दिवशी घरी येताना क्रांती चौकात सिग्नलला त्याच्या पाठीमागं बसलेली असताना तिला पहिल्यांदा वाटलं की मग आता काही उपाय नाही.

आणि तरीही त्या दुपारी जिन्यात उभं राहून तिला जे झालं, तो आनंदच होता. ते कबूल करायला तिला पुढं फार जड गेलं. तो कुठंतरी नवा फोन हातात धरून बसलाय आणि तिनं हो म्हटल्याशिवाय त्याला पुढं जाता येत नाही, ह्या कल्पनेनं तिचा ऊर भरून आला होता. तिनं जेवणाचा डबा उघडला नाही. रिसेप्शनवरच्या श्रेयानं काय झालं म्हणून विचारलं, तर डोकं दुखतंय म्हणाली. मनातल्या मनात ती बोलायचं काय ते जुळवत होती. आधी थोडं ताणायचं. हा तूच कशावरून, असं विचारायचं. मग तो हसेल, हसण्याआधी घसा खाकरेल, तो खाकरण्याचा आवाज ऐकला की ती सांगेल, हो, तोच आहे. मजकुरात खाली सूचना होतीच की होकार देण्याआधी त्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोला, तिचा आवाज ओळखा, तिच्या पडद्यावर दिसणारा आकडा तिच्याकडून विचारून घ्या. म्हणजे फोन करायला तिला कारण मिळालं होतं. नंबर पाठ होता. तीनदा रिंग वाजली आणि पलीकडून एका बाईचा आवाज आला. दुसरं लग्न केलं वाटतं, असं मनात येऊन गेलं. मग त्या आवाजानं "वहिनी" म्हटलं.

ती मेघा होती, विश्वजीतची धाकटी बहीण. तिनं सांगितलं की दादा गेला. पैठण रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीला मागून त्याची मोटारसायकल धडकली, ट्रॉलीला दिवा नव्हता. दहावं, तेरावं सगळं उरकलं होतं. हा नंबर तिनं दुसऱ्या सिमवर पुन्हा चालू करून घेतला होता आणि पाकिटाची विनंतीही तिनंच पाठवली होती, त्याच्या नावानं. "तुम्हाला कळवायचं होतं, वहिनी," ती म्हणाली, "पण कुणी कळवायचं ते ठरंना." करुणानं काय विचारावं? तिनं विचारलं, हेल्मेट होतं का. होतं, मेघा म्हणाली. मग खालून एका रिक्षावाल्यानं गिऱ्हाइकाला मारलेली हाक दोघींनाही, एकीला थेट आणि दुसरीला फोनमधून, ऐकू आली असणार.

रविवारी मेघा आईला घेऊन आली. करुणा आता सिडकोच्याच एन-सात भागात पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते, खाली घरमालकीण मालनबाई. गोजरबाई जिना चढताना मध्ये दोनदा थांबल्या. खुर्चीच्या कडेला टेकल्या. अंगावर पांढरट लुगडं होतं, आणि हातात काहीच नव्हतं, पिशवीसुद्धा. मेघानं सगळं समजावून सांगितलं. कारखान्यांच्या वसाहतीत जमीन गेली तेव्हा आलेला मोबदला दादानं जवळजवळ सगळा ह्या पाकिटात टाकला होता, आईच्या वाट्याचाही, आणि आई त्याला नाही म्हणाली नव्हती, कारण तो शिकलेला. आता आई मेघाच्या घरी राहते, बिडकीनला, जावयाच्या. पाकिटाच्या कंपनीला मेघानं मेल करून पाहिला होता. उत्तर आलं, आमच्याकडे कुणाचीच किल्ली नसते, मालकानं निवडलेली माणसंच काय ते करू शकतात. मालक मेला तर काय, हे त्यांच्या माहितीत कुठंच नव्हतं. फोन हरवलेला मालक त्यांना कळत होता, मेलेला नाही. म्हणून मेघानं फोन हरवल्याचं कळवलं. आणि ते काही खोटं नव्हतं. तो फोन सापडलाच नव्हता. उसात कुठं उडाला की कुणी उचलून नेला, देव जाणे. पहिले दोन दिवस त्यावर रिंग जात होती.

करुणा म्हणाली की ह्यात मला असं सांगावं लागेल की मी त्याच्याशी बोलले, त्याचा आवाज ओळखला. म्हणजे तो आहे, असं.

मेघानं घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन भावाची ओळख पटवली होती, चादर बाजूला करून. हे तिनं फोनवरच सांगितलं होतं, फार सपाट आवाजात. एकीनं तिथं सांगितलं की हा विश्वजीत आहे आणि गेला आहे. आता दुसरीनं सांगायचं की हा विश्वजीत आहे आणि बोलतो आहे. दोन्ही साक्षी खऱ्या धरल्या जाणार होत्या.

गोजरबाई इतका वेळ फरशीकडं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला ते काय कळत नाय. तू व्हय म्हणलीस तर उघडतंय म्हनं. माझं म्हननं त्याला चालत नाय. जल्म मी दिला, पर माझं चालत नाय, तुझं चालतंय." त्यात टोमणा आहे का, हे करुणानं शोधून पाहिलं. बायकांच्या आवाजातला टोमणा तिला लांबून कळतो. इथं तो नव्हता. नुसतं नवल होतं, म्हातारपणी एखादा नियम कळल्यावर वाटावं तसं. ती म्हणाली, "पण तो जिवंत आहे असं सांगायचं, आत्या?"

"सांग की मग," गोजरबाई म्हणाल्या. "कुनीतरी सांगू दे."

करुणाला उठून आत जावं लागलं. ओट्यापाशी ती उगीच उभी राहिली. पाण्याची पिंपं भरलेली होती, महापालिकेचं पाणी परवाच येऊन गेलं होतं आणि पुढचं कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं. तिनं पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही, आणि हे तिच्या लक्षात आलं तेव्हा त्या दोघी जाऊन बराच वेळ झाला होता. मुद्दाम केलं का? ह्याचा ती पुढं पुष्कळ विचार करणार होती. त्या वेळी मात्र तिच्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तो विचारायची तिला लाज वाटत होती. शेवटी विचारलाच. माझं नाव त्यात राहिलं कसं?

मेघानं सांगितलं की रामकिसनदादा कोरोनात गेले, तेव्हा दुसरं माणूस घालणं भाग होतं. त्यांच्या जागी दादानं मला घातलं. तुमचं सगळं कोर्टातून मोकळं झाल्यावरची गोष्ट आहे. "मी म्हणलं त्याला, वहिनीचं पण काढ, उगं कशाला त्यांना. तर म्हणला, राहू दे."

"अजून काय म्हणाला?"

"काय नाय. राहू दे, एवढंच."

राहू दे. तो हे कशालाही म्हणायचा. गळका नळ, गॅलरीतला उडालेला दिवा, गार झालेली भाजी गरम करून देऊ का म्हटलं तरी राहू दे. निघताना तिनं कुकर खोक्यातून बाहेर काढून ठेवला होता, हा तू ठेव म्हणून, तेव्हाही तो राहू दे म्हणाला आणि कुकर परत खोक्यात गेला. त्या दोन शब्दांत कंटाळा असे, कधी माया असे, बहुतेक वेळा काहीच नसे. सगळा अर्थ स्वरात होता, आणि स्वर मेघानं आणला नव्हता. तिनं शब्द आणले होते. करुणा दिवसभर लोकांना आवाजाच्या बारीक पायऱ्या ऐकवते, कुणाला कुठल्या पायरीपर्यंत ऐकू येतं ते मोजते, आणि ह्या एका राहू देपाशी ती ठार बहिरी होती. त्यानं पडद्यावर तिचं नाव पाहिलं होतं. काढायचं की ठेवायचं असा प्रश्न त्याच्यापुढं खरोखर आला होता. एवढं कळलं. त्यापुढं तिला कळायचं नव्हतं, आता कधीच.

मेघानं नवा फोन टेबलावर ठेवला. त्यावरचा आकडा वाचून दाखवला, करुणानं तो आपल्या फोनवर टाकला. तुम्ही ह्या व्यक्तीचा आवाज ऐकलात का? गोजरबाई तिच्या बोटाकडं बघत होत्या. तिला घसा खाकरल्यासारखा आवाज आठवला, खूप प्रयत्न करून, आणि तो आठवला की आपण तयार केला हे तिला सांगता आलं नसतं. तिनं बोट टेकवलं. हो, तोच आहे.

लगेच काही उघडलं नाही. तिच्या फोनवर नवा मजकूर आला की दोन्ही राखणदारांचा, म्हणजे मेघाचा आणि तिचा, होकार मिळाला आहे. खबरदारी म्हणून दोन दिवस थांबावं लागेल. ह्या काळात मालकाच्या जुन्या फोनवर सूचना जात राहील, आणि ही विनंती त्यानं केली नसेल तर तो हरकत घेऊ शकेल. हरकत आली नाही तर पाकीट नव्या फोनवर उघडेल. मेघानं ते वाचलं आणि म्हणाली, मग काय, दोन दिवसच. जाताना गोजरबाईंनी दारात करुणाच्या दंडाला हात लावला. टेकू हवा होता म्हणून की आणखी कशासाठी, तेही कळलं नाही.

ते दोन दिवस करुणा कामावर गेली, लोकांचे कान तपासले, जेवली. पण सगळा वेळ ती कान देऊन होती. पैठण रस्त्याच्या कडेला तोडून नेलेल्या उसाच्या फडात, पाचटाखाली, एक फोन पडलेला तिला दिसत होता. बॅटरी केव्हाच संपलेली, हे तिला माहीत होतं. तरी त्या पडद्यावर सूचना उजळते आहे असं तिला दिसे. कुणी उचलून नेला असेल, चार्ज केला असेल. कुणी म्हणजे कोण? मग विचार भलतीकडंच जाई. मेघाची चूक झाली असेल. चादरीखाली दुसराच कुणी असेल. तो कुठंतरी पडून असेल, बोलता येत नसेल, पण बोट हलत असेल. हरकत घे, ती मनात म्हणे. मी खोटं बोलले, माझ्यावर हरकत घे. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये तिला कुटुंब न्यायालयातली ती खोली आठवली. दोघांनाही विचारलं होतं, कुणाची काही हरकत? ती उत्तर द्यायला तोंड उघडणार होती, काय म्हणणार होती ते आज तिला आठवत नाही, पण तिच्याआधी तो नाही म्हणाला होता. स्वच्छ, समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. इतक्या मोठ्यानं तो कधी बोलत नसे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नळाला पाणी आलं होतं. सगळ्या गल्लीत मोटारी चालू होत्या, बाया एकमेकींना ओरडून सांगत होत्या. तिनं पर्स खुंटीला लावली, पिंपाचं उरलेलं पाणी बादल्यांत काढलं, पिंप विसळलं आणि पाइप आत सोडला. तेव्हा फोन वाजला. मजकूर छोटा होता. विश्वजीतचं पाकीट नव्या फोनवर उघडण्यात आलं आहे. ठरलेल्या मुदतीत जुन्या फोनवरून कोणतीही हरकत आली नाही. आपल्या मदतीबद्दल आभार.

तिनं तो पुन्हा वाचला. मग पिंपाशेजारच्या फरशीवर बसली. मेघाचा फोन येऊन गेला, वाजून वाजून बंद झाला. आईची सोय झाली, हे तिला कळत होतं. चांगलं झालं, असं तिनं स्वतःला सांगितलंही. पिंप काठोकाठ भरलं आणि पाणी कडेवरून उतरू लागलं, तिच्या साडीखालून गेलं, उंबऱ्यावरून जिन्यात गेलं, आणि ती ते बघत राहिली.

मालनबाई जिन्यातूनच बोलत वर आल्या. पाणी कसलं सोडलंय, इथं घोटभर मिळायची मारामार आणि ही बाई जिना धुती. दारात येऊन त्यांनी तिला पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. भाडेकरू नवऱ्यापासून वेगळी राहते, एवढंच त्यांना तिच्याबद्दल ठाऊक होतं.

"काय झालं गं?"

"माझा नवरा गेला," करुणा म्हणाली.

मालनबाईंनी पदर सावरला. "अगं बाई. कधी?"

"आत्ता," करुणा म्हणाली.

मालनबाई पाण्यातून आत आल्या आणि त्यांनी नळ बंद केला.